वाढत्या अंगाचं धनुष्य

लहानपणी आमच्याकडे कुठलीच वस्तू मापाची घेतली गेली नाही. सगळं वाढत्या अंगाचं. शाळेची हाफ पँट पहिल्या वर्षी गुडघ्याखाली, दुसऱ्या वर्षी जरा बरी, आणि खरोखर मापात आली तेव्हा मागून फाटली. सायकलसुद्धा बाबांचीच, नळीखालून पाय घालून चालवायची. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाने सात वर्षांच्या भाचीसाठी धनुष्य घ्यायचं ठरवलं तर तो काय करेल? बरोब्बर. अडुसष्ट इंची घेईल.

भाची तेव्हा अठ्ठेचाळीस इंची होती.

तर झालं असं. २०२४ च्या गणपतीत आम्ही सगळे वरंधला जमलो होतो. (वरंध म्हणजे फक्त वाघजाईपाशी थांबून भजी खायचा घाट, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: घाट उतरून महाडच्या दिशेने आलात की खाली याच नावाचं गावही आहे. माणसं राहतात तिथे. आमचं घर आहे.) ताई पोलादपूरला दिलेली, तीही आली होती. पॅरिसच्या पॅरालिंपिकचे दिवस होते आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलवर शीतल देवी. किश्तवाडची सतरा वर्षांची मुलगी, जन्मापासून दोन्ही हात नाहीत. खुर्चीत बसून पायाने धनुष्य उचलते, खांद्याने दोरी ओढते आणि जबड्याने बाण सोडते. राकेश कुमारबरोबर तिने मिश्र सांघिक प्रकारात ब्राँझ घेतलं होतं. आमच्या बाईसाहेबांनी तो व्हिडिओ आरतीच्या आधी चारदा आणि नंतर किती वेळा पाहिला देव जाणे. मग मोदक खाता खाता माझ्याकडे वळून, "मामा, तिला हात नाहीत तरी येतं. मला तर दोन आहेत. मग मला का नाही घेऊन देत?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी ताईकडे पाहिलं. ताई "अजिबात नाही" म्हणाली आणि नकळत तिचा हात उजव्या भुवईकडे गेला.

त्या भुवईत एक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. ती मी काढलेली.

मी सात वर्षांचा, ती अकरा. मे महिना. कामटी वाकवून तिला सुतळी बांधली की धनुष्य, आणि मोडक्या छत्रीची काडी दगडावर घासली की बाण. गावातल्या निम्म्या पोरांकडे हे शस्त्र होतं. गोठ्याच्या भिंतीला एक जुनं सूप टेकवलं होतं. पहिला बाण मारला आणि ताईला म्हटलं, जा गं, लागला का बघ. ती गेली, वाकली. मी दुसरा बाण लावून ओढून उभा. ती बाजूला होईपर्यंत थांबायचं हे मला कळत होतं, खोटं कशाला बोलू. पण सुतळी बोटांत रुतत होती, हात थरथरायला लागला आणि मला धरवेना. सुटला. बिरवाडीला नेऊन टाके घातले. "अर्धा इंच खाली असता तर," हे वाक्य पुढे वर्षभर घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाने म्हटलं.

असो. मामा या पदाचे काही अधिकार असतात असा माझा समज आहे, त्यामुळे ताईला न विचारता मी पुण्याला परतल्यावर इंटरनेटवरून एक धनुष्य मागवलं. लाकडी मुठीचं, पाती सुटी करता येणारं रिकर्व्ह, चोवीस पाउंडी. दहावीपर्यंत चालेल, म्हटलं. हौसेने थोडा अभ्यासही केला. धनुष्यावर लिहिलेले पाउंड अठ्ठावीस इंच ओढीचे असतात. पोराची ओढ काढायची तर दोन्ही हात फाकवायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजायचं आणि अडीचने भागायचं. भाचीची आली एकोणीस इंच. दोरी मुळातच मुठीपासून आठेक इंचांवर असते, ते वजा करायचे. मग हुकचा नियम, अकरावीची स्प्रिंग. चोवीस गुणिले अकरा भागिले वीस, म्हणजे तेरा पाउंड. तेराच तर आहेत! मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दसऱ्याला धनुष्य वरंधला नेलं. कोयता, विळा, माझा लॅपटॉप आणि हे, अशी शस्त्रपूजा झाली. ताई काही बोलली नाही, म्हणजे रागावली होती. अंगणात भाचीच्या हातात दिलं तर धनुष्याचं खालचं टोक जमिनीला टेकत होतं. तिने कमरेत मागे वाकून, दात आवळून, दोरी कशीबशी अर्धी ओढली. पुढे येईना. मागेही नेता येईना. मी "थांब थांब" म्हणेपर्यंत बोटं सुटली. बाण दहा फूट बाजूला गोठ्याच्या पत्र्यावर खणकन वाजला आणि दोरी तिच्या कोपराच्या आत सटकन बसली. पोर रडली नाही. हाताकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत तिथे जांभळा पट्टा उठला होता.

"झालं?" ताई म्हणाली. "ठेव आता माळ्यावर."

पुढच्या शनिवारी पुण्यात जिथे धनुर्विद्येचा वर्ग चालतो अशा एका मैदानावर गेलो. तिथल्या सरांना सगळं सांगितलं, वर माझं तेरा पाउंडांचं गणितही दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं. म्हणाले, "गणित बरोबर आहे. तेरा पाउंड म्हणजे सहा किलो. मुलगी किती किलोची?"

"एकवीस."

"म्हणजे तुम्ही सत्तर किलोचे असाल तर वीस किलोची बादली तीन बोटांवर धरायची, हात खांद्याएवढा उचलून. धराल?"

शिवाय डाव्या हातात ते किलोभराचं लाकडी धूड, हे मी हिशोबात घेतलंच नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते पहिलं धनुष्य घेणाऱ्या प्रत्येकासाठी इथे लिहून ठेवतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला दहा-बारा पाउंडांचं, चार फुटांच्या आसपासचं हलकं धनुष्य पुरे. घ्यायच्या आधी बाण न लावता नुसतं ओढून बघायचं. दोरी गालापर्यंत यायला हवी. तिथे धरून मुलाने दहा आकडे मोजायचे. आणि मग दोरी न सोडता हळूहळू परत जागेवर आणायची. (रिकामी दोरी कधीच सोडायची नाही. बाण नसला की सगळा जोर पात्यांत जातो आणि पाती तडकतात.) हे तीन-चार वेळा न थरथरता जमलं तर ते धनुष्य त्याचं. "सोडता कोणालाही येतं हो," सर म्हणाले. "परत आणता येतं का ते बघा."

मैदानावरून गाडीपर्यंत येताना माझ्या डोक्यात सूप, सुतळी आणि छत्रीची काडी. एकवीस वर्षांनी कळलं त्या दिवशी नक्की काय चुकलं होतं.

दुसरं काम डोळ्याचं. आपण जसे उजवे-डावखुरे असतो तसा डोळाही एक वरचढ असतो, आणि नेम त्याच्या बाजूने धरावा लागतो. तपासायला सोपं. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये एक छोटा त्रिकोण करायचा आणि त्यातून समोरच्याच्या नाकाकडे बघायचं. समोरच्याला त्रिकोणात जो डोळा दिसेल तो वरचढ. मी हे व्हिडिओ कॉलवर केलं. "मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे बघ," म्हटलं. त्रिकोणात डावा डोळा! परत केलं. डावाच. बाईसाहेब लिहितात उजव्या हाताने, पण धनुष्य उजव्या हातात धरून दोरी डाव्याने ओढायची होती. म्हणजे माळ्यावरचं धनुष्य आणखी एका कारणाने चुकलेलं, कारण ते उजव्यांसाठी कापलेलं. लहान मुलांची बरीच धनुष्यं दोन्ही हातांना चालतात हे त्यातल्या त्यात बरं. आईला हे फोनवर सांगितलं तर ती आधी "डाव्या हाताने कसं गं बाई" म्हणाली, मग तिलाच आठवलं की अर्जुनाला सव्यसाची म्हणत. प्रश्न मिटला. भाचीला मात्र नवा प्रश्न पडला. दोरी तर मधल्या तीन बोटांनी ओढायची, अंगठा लागतच नाही, मग एकलव्याचं काय बिघडलं? मी म्हटलं अंगठ्याने ओढायचीही पद्धत असते, तुर्की आणि मंगोल तशीच ओढत. तिचं समाधान झालं नाही. माझंही फारसं नाही.

तिला खरं तर हवं होतं 'चाकवालं', म्हणजे कंपाउंड. शीतल देवीकडे तेच. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठून पुढे उतरलं की सातारा, आणि त्या साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली तीही कंपाउंडवरच. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत पहिला. दोघांचे गुरू एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. (माझ्या ऑफिसात क्रिकेटच्या राखीव खेळाडूची सरासरी सांगणारे लोक आहेत. यातलं एकाला माहीत नव्हतं.) चाकांची गंमत अशी की दोरी पूर्ण ओढली की बराच भार चाकं घेतात, हाताला थोडासाच उरतो. पॅरिसपर्यंत ऑलिंपिकमध्ये मात्र फक्त रिकर्व्ह होतं. कंपाउंडची मिश्र जोडी येणार ती २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये. पण सर म्हणाले आधी साधं, दृश्यकाच्या काचा-बिचा काही नको. मलाही पटलं. सायकल शिकायच्या आधी गिअर कशाला?

तर दहा पाउंडांचं, अठ्ठेचाळीस इंचाचं धनुष्य आणलं. कोपरापासून मनगटापर्यंतचा पट्टा आणला, बोटांना चामड्याची टॅब आणली, बाण तिच्या ओढीपेक्षा चांगले चार-पाच इंच लांब घेतले, म्हणजे जोरात ओढला तरी टोक मुठीच्या आत येणार नाही. इथे मात्र वाढत्या अंगाचंच घ्यायचं, आईला सांगून टाकलं.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, रविवार. ओवाळणीच्या ताटात ताईला पाकीट घातलं आणि धनुष्य तिच्याच हातात दिलं, भाचीच्या नाही. सरांची परीक्षा सांगितली. "तू घे तिची," म्हटलं. ताईने घेतली, तोंडाने आकडे मोजत, आणि ते नवव्या आकड्यापर्यंत मुद्दाम हळू होते हे माझ्या लक्षात आलं. भाचीने दोरी गालाला लावून धरली आणि परत आणली. चार वेळा. ताई म्हणाली, "किती वेळ खेळणार आहात?" म्हणजे परवानगी.

हळव्या भाताची झोडणी झाली होती, पेंढा भरपूर. घरामागच्या खाचरात बांधाला टेकवून पेंढ्या छातीएवढ्या रचल्या. पाच मीटरवर जमिनीवर सुंभ टाकलं. कागदावरची ती रंगीत वर्तुळं लावलीच नाहीत. पहिल्या दिवशी पोराने नेम बघायचा नसतो, हाताकडे लक्ष द्यायचं असतं, असं सर म्हणाले होते. महाडच्या बाजारातून एक शिट्टी आणली होती. तिची भाषा जगभर एकच आहे. दोन वाजल्या की रेषेवर यायचं. एक वाजली की मारायचं. तीन वाजल्या की धनुष्य खाली ठेवून बाण आणायला जायचं, आणि तोपर्यंत रेषेपलीकडे कोणी पाऊल टाकायचं नाही. पाच किंवा जास्त म्हणजे जे चाललंय ते ताबडतोब बंद. भाचीला हे दोन मिनिटांत पाठ झालं. तीन शिट्ट्यांचा नियम मी समजावत होतो तेव्हा ताई माझ्याकडे बघत होती. मी शिट्टीकडे बघत होतो.

पहिले सहा बाण पेंढ्यात गेले. एक तर नुसताच आडवा पडला. दुसऱ्या फेरीत ती ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोरी नेऊन थांबायला लागली. मी मागून तिचा खांदा खाली आहे का एवढंच बघत होतो. तिसऱ्या फेरीचा दुसरा बाण. तिने ओढला. दोरी गालाला लागली. आणि गोठ्याच्या कोपऱ्यावरून आमची एक कोंबडी पिल्लांसकट पेंढ्यांसमोर आली, आणि तिला हुसकत, "हाड हाड" करत, मागोमाग आई.

माझ्या तोंडात शिट्टी होती. फुंकर निघेना. ताईच्या तोंडून नुसता श्वास आल्याचा आवाज झाला.

भाचीने दोरी परत आणली. हळूहळू, दहा आकडे मोजल्यासारखी. बाण काढून मुठीत घेतला, धनुष्याचं टोक जमिनीकडे केलं आणि म्हणाली, "आजी, रेषेच्या मागून ये ना."

आई म्हणाली, "कसली रेषा गं?" आणि कोंबडी घेऊन निघून गेली. तिला अजूनही माहीत नाही.

आम्ही दोघं काही बोललो नाही. फेरी पूर्ण झाली, मी तीन शिट्ट्या वाजवल्या. बाण आणायला ताई स्वतः गेली. पेंढ्यापाशी एका बाजूला उभी राहून एक एक ओढून काढला, आणि एवढा वेळ भाचीचं धनुष्य जमिनीवर पडलेलं होतं. परत आली ती पदर खोचतच.

"ते माळ्यावरचं काढ रे," मला म्हणाली. "मला जमतंय का बघू."

मी शिडी लावून ते अडुसष्ट इंची काढलं, पाती बसवली, दोरी चढवली. ताईच्या हातात ते काही फार मोठं वाटत नव्हतं. तिचा डोळा तपासला, उजवा. पट्टा भाचीने तिला बांधला, जरा घट्टच. मग तिने माझ्या हातातून शिट्टी घेतली आणि दोनदा वाजवली.