कोणत्या तोंडाने येऊ, म्हणतोस

प्रिय बाळा,


तू आईला फोनवर म्हणालास, "आधी सगळे पैसे फेडतो, मगच घरात आणि देवळात पाय ठेवतो. आत्ता कोणत्या तोंडाने येऊ?" मामाने दुकानासाठी दिलेले पैसे मोबाइलवरच्या रमीत गेले. त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण आधी फेड आणि मग घर, हा तुझा क्रम मला मुळीच पटलेला नाही. येशूच्या शिकवणुकीत तो नेमका उलटा आहे.

लूकचा पंधरावा अध्याय तुला संडे स्कूलपासून पाठ आहे. तरी पुन्हा उघड आणि सुरुवातीची दोन वचने वाच. दाखल्यांच्या ओढीने आपण ती ओलांडून पुढे जातो. जकातदार आणि पापी लोक येशूचे ऐकायला जवळ येत होते, आणि हा असल्यांच्या पंक्तीला बसतो म्हणून परूशी व शास्त्री कुरकुर करत होते. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून हे दाखले आले. शंभरातले एक मेंढरू, दहातले एक नाणे, दोघांतला एक मुलगा. मेंढराला परतीची वाट सापडत नाही. नाण्याला तर आपण हरवलोय हेही कळत नाही. म्हणून मेंढपाळ रानात जातो, बाई दिवा लावून घर झाडते.

आता मुलाकडे ये. बाप धडधाकट असताना त्याने वाटणी मागून घेतली, दूर देशी सगळी उधळली, वर तिथे दुष्काळ पडला. यहुद्याच्या पोरावर डुकरे चारायची पाळी आली. त्या उपासात त्याने बापापुढे काय बोलायचे ते मनाशी जुळवले: मी पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला एखाद्या मजुरासारखे ठेवा. हे शेवटचे मागणे म्हणजे तुझेच गणित. पोर म्हणून नको, देणेकरी म्हणून उभे करा.

पुढे काय होते ते सावकाश वाच. तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिले, बापाला कळवळा आला आणि तो धावला. चाकरमाणसे बाळगणारा, वाड्याचा धनी, वयाने पिकलेला माणूस भर रस्त्याने धावला! आधी गळ्यात मिठी, मुके. मग मुलगा बोलू लागतो. पाप केले म्हणतो, लायकी नाही म्हणतो. मजुराचे वाक्य मात्र त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. तेवढ्यात बापाने चाकरांना हाका मारल्या आहेत: चांगल्यातला चांगला झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. किती उडवलेस, कोणाबरोबर उडवलेस, काही विचारले नाही. गुन्हा बारीक होता म्हणून नव्हे. हा माझा मुलगा मेलाच होता, असे बाप स्वतःच सगळ्यांदेखत सांगतो.

मग मामाचे पैसे बुडाले म्हणायचे का? नाही. त्यासाठी लूकचाच एकोणिसावा अध्याय बघ. यरीहोचा जक्कय, जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशूने त्याला झाडावरून खाली बोलावले आणि त्याच्याच घरी उतरला. लोक पुन्हा कुरकुरले. त्यानंतर जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. येशूने आधी हिशेब मागून मग उंबरठा ओलांडला नाही. तो घरी आला, म्हणून जक्कयची मूठ उघडली.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही हे दिसते. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळच्या फुलहॅममध्ये समाजाने टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी सांभाळत होत्या, आणि त्या बायकांतल्या काही आता स्वतः आजाऱ्यांची सेवा करत होत्या. आपल्याकडे अशा बाईला दारात उभे करत नाहीत, मग या लोकांना हे कशामुळे सुचते, असे रमाबाईंनी विचारले. एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्या गोष्टीने रमाबाईंच्या मनाचा ठाव घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढले. 'आधी सुधारून या' अशी पाटी त्यांनी दारावर लावली असती, तर आत कोण आले असते?

मंडळीतले काही जण बोलतील, हे खरे. दाखल्यातला थोरला भाऊही रागावून अंगणातच थांबला होता, आणि बाप त्यालाही समजवायला बाहेर आला. तो आत गेला की नाही, येशूने सांगितले नाही. बोलणाऱ्यांचे उत्तर बोलणाऱ्यांनी द्यायचे. तू त्यांच्यासाठी अडून बसू नकोस.

आज ते अ‍ॅप काढून टाक. पगाराचे खाते काही महिने आईच्या हाती दे. मामाला तू स्वतः फोन कर, मधे मला घालू नकोस. महिन्याला किती जमेल तो आकडा खरा सांग. आणि हे सगळे होईपर्यंत थांबू नकोस. रविवारी साडेनऊला उपासना आहे, त्यानंतर जेवण माझ्याकडे. शनिवारी रात्रीच ये.

तुझी मावशी