जंतू आला कुठून, हे कुणी विचारायचं?

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपवून माणसांना सलाईन लावत होते. बातमीसाठी मी तिघांकडे गेलो. साहेब म्हणाले, लोक उघड्यावरचं खातात. पाणीपुरवठावाले म्हणाले, लोकांनी चोरून नळ जोडलेत. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, गटार आणि पाइप एकाच चरातून गेलेत, या बघायला. मी तिघांचंही छापलं. मथळा दिला, ‘दूषित पाण्यामुळे साथ’. पाणी कुठे नासलं, कुणामुळे नासलं, ते राहूनच गेलं. साथ ओसरली, विषय मिटला.

पुढे हैतीबद्दल वाचलं आणि तो मथळा टोचायला लागला.

हैतीत जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये कॉलरा. त्याआधी शंभर वर्षांत तिथे कॉलऱ्याची नोंद नव्हती. आर्तिबोनीत नदीच्या एका उपनदीकाठी संयुक्त राष्ट्रांची छावणी होती. नेपाळहून शांतिसैनिक नुकतेच आले होते आणि नेपाळात त्याच सुमारास कॉलरा होता. छावणीतली घाण नदीत जाते, असं लोक ओरडून सांगत होते. संयुक्त राष्ट्रं मात्र कानावर हात ठेवून होती.

आता ‘कॉलऱ्याचा जंतू सापडला’ एवढ्यावर हे भांडण मिटत नाही. कॉलरा जगात पुष्कळ ठिकाणी आहे. यातला कोणता, हे पाहावं लागतं. त्याची जुनी रीत अशी : जंतूचा डीएनए विकरांनी ठरावीक जागी कापायचा, तुकडे जेलीसारख्या थरात ठेवून वीज सोडायची. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि बारकोडसारखे पट्टे उमटतात. पट्टे जुळले तर नातं जवळचं. नव्या रीतीत अख्खा जीनोमच अक्षर न् अक्षर वाचतात. कॉलऱ्याच्या जंतूत अशी सुमारे ४० लाख अक्षरं असतात. २०११ साली नेपाळातले २४ नमुने हैतीतल्या तिघांशी ताडून पाहिले. नेपाळातल्या काही नमुन्यांत आणि हैतीच्या नमुन्यांत फरक निघाला जेमतेम एक-दोन अक्षरांचा!

नुसता जीनोम वाट सांगत नाही, नातं सांगतो. वाट शोधली ती गावोगावच्या पहिल्या रुग्णांच्या तारखा नकाशावर मांडणाऱ्या रेनो पिआरू या फ्रेंच डॉक्टरसारख्यांनी. दोन्ही पुरावे एकाच छावणीकडे बोट दाखवत होते. तरी डिसेंबर २०१६ उजाडावा लागला, तेव्हा कुठे बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. तोवर सुमारे दहा हजार माणसं गेली होती.

माफीने मेलेलं माणूस परत येत नाही, खरंय. पण नदीकाठचे लोक खोटं बोलत नव्हते, एवढं तरी कागदावर आलं.

आमच्या गल्लीतल्या बायकांच्या वाट्याला तेही आलं नाही. रुग्णांच्या शौचाचे नमुने आणि त्या चरातलं पाणी वेळेत घेऊन, जंतू वाढवून, जपून ठेवला असता तर नंतर ताडून पाहता आलं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून विचारलंही नाही. चूक माझीही आहे.

म्हणून माझ्या तरुण पत्रकार मित्रांनो, पुढच्या साथीत ‘किती दगावले’ याच्या पाठोपाठ एक प्रश्न विचाराच : नमुने घेतले का, आणि ठेवलेत कुठे?