लाल शाई आणि रावसाहेब

सकाळी आठ-दहाची खानापूर बस. माझी नोकरी कॉलेजच्या गेटात सुरू होत नाही, ती या बसच्या पायरीवर सुरू होते. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि तेव्हापासून बसायला जागा मिळणं म्हणजे लॉटरी लागल्यासारखंच. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं आणि दांडीला लोंबकळत उभं राहायचं. कंडक्टर पुढच्या बाईशी कानडीत भांडत असतो, मागच्या म्हाताऱ्याची मराठीत चौकशी करत असतो आणि सुट्ट्या पैशांवरून पोरांना हिंदीत दम देत असतो. तीन भाषांचा हा तास संपला की मी वर्गात जाऊन एका भाषेचा तास घेते.

या प्रवासात माझ्या कानात बहुतेक वेळा पु. लं.चे 'रावसाहेब' असतात. घरच्यांना आणि स्टाफरूममधल्या मंडळींना हे आता पाठ झालं आहे. तरुण सहकारी नवनवीन वेब सिरीजची नावं सांगतात, "मॅडम, हे बघाच" म्हणतात. मी बघतेही. 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की अजूनही हातातलं काम ठेवून बसते. १९८८ सालचा हा चित्रपट आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. बेळगावात वाढल्यामुळे डॉ. राजकुमारांची कानडी गाणीही अर्थ कळायच्या आधीपासून कानात आहेत. पण कुणी एकच काहीतरी निवडायला सांगितलं, तर माझं मत 'रावसाहेबां'ना. याला कारण आमच्या घरातली एक कॅसेट.

आप्पांनी टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा मी शाळेत होते. घरात मोजून आठ-दहा कॅसेटी. त्यातली पु. लं.ची कॅसेट इतकी वाजली की फीत सैल पडायची आणि मग पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचं काम माझ्याकडे यायचं. रावसाहेब म्हणजे बेळगावचे कृष्णराव हरिहर, रिट्झ थिएटरचे. नाटक आणि गाण्यावर जीव टाकणारा हा माणूस. पु. ल. काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, त्या बेळगावच्या दिवसांतला हा स्नेह. पुढे 'गणगोत'मध्ये त्यांनी रावसाहेबांवर लिहिलं आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना बेळगावचं ते कानडी वळणाचं मराठी साऱ्या महाराष्ट्राने ऐकलं. लिंगांचा गोंधळ, वाक्याचा तो हेल, मध्येच घुसणारे कानडी शब्द. पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्याकडे आले की आप्पा हमखास ती कॅसेट लावायचे. पाहुणे हसून हसून लोळायचे. आम्हीही हसायचो.

आज्जी मात्र हसायची नाही. तिचं माहेर गोकाककडचं. ती सुपारी कातरत शांतपणे ऐकायची आणि एकदा तिने विचारलंच, "यात हसण्यासारखं काय आहे गा? बरोबरच बोलूलालाय की तो."

त्यावर तर आम्ही आणखीच हसलो. आज्जीचं हे वाक्य पुढे घरातला विनोद होऊन बसलं. आज्जीला त्यात काही वाटलं का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे मी मराठीत एम. ए. केलं, नोकरी लागली. बेळगावकर मराठी बोलते म्हणून परीक्षेच्या मुलाखतीत, चर्चासत्रात कुणी गालात हसलं की माझे कान तापायचे. हळूहळू मी माझं बोलणं घासूनपुसून घेतलं. 'करूलालोय', 'जाऊलालोय' ही आमच्या भागाची रूपं तोंडातून गेली. वर्गात तर मी त्यांची कट्टर वैरीण झाले. मुलांच्या वह्यांत 'ऊलाल' दिसलं की माझा लाल पेन आपोआप फिरायचा.

आता मुख्य गोष्ट सांगते. दोन वर्षांमागच्या पावसाळ्यातली. अंतर्गत गुणांसाठी मी दहा गुणांचा निबंध दिला होता, 'पावसाळ्यातला एक दिवस'. जांबोटीच्या पलीकडून, कणकुंबीच्या बाजूने येणारी एक मुलगी वर्गात होती. मलप्रभा उगम पावते तो हा मुलूख. तिथला पाऊस आम्हा शहरातल्यांना बातमीत कळतो, त्यांना तो घराच्या भिंतीत कळतो. तिने दीड पान लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, "आई उंबऱ्यात उभी राहून वाट बघूलाली होती." आणखी चार-पाच ठिकाणी तसंच. मी सगळीकडे लाल गोल केले, खाली 'भाषा अशुद्ध' असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात शुद्धलेखनाचा पाठ होता, उदाहरण हवं होतं. नाव न घेता मी ती वाक्यं वाचून दाखवली. जरा हेल काढूनच वाचली. वर्ग हसला. नाव घेतलं नव्हतं खरं, पण पंचवीस-तीस जणांच्या वर्गात नाव घ्यायची गरज नसते. तिने मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

पुढचा निबंध होता 'माझा आवडता लेखक'. तिने नेमकं पु. लं.वरच लिहिलं. जन्म ८ नोव्हेंबर १९१९, निधन १२ जून २०००, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व, निर्मळ विनोद, वगैरे वगैरे. एकही चूक नाही. बाजारातल्या गाइडमधून ओळ न् ओळ उतरवलेलं, हे दुसऱ्या परिच्छेदातच कळत होतं. मी दहापैकी नऊ दिले. 'भाषेत चांगली सुधारणा' असा शेराही लिहिला. मी काय केलं होतं ते तेव्हाही मला कळलं नाही.

कळलं ते बसमध्ये. त्या वह्या पिशवीत घालून मी परत निघाले होते. पावसाने बस देसूरच्या अलीकडे खोळंबली होती. कानात नेहमीप्रमाणे रावसाहेब होते आणि मी नेहमीप्रमाणे हसत होते. हसता हसता एकदम लक्षात आलं, की या माणसाच्या मराठीला मी तीस वर्षं जीव लावते आहे, आणि तेच मराठी दीड पानावर समोर आलं तेव्हा मी त्याला चार गुण दिले. पु. लं.ना रावसाहेबांच्या बोलण्यातल्या चुका ऐकू येत नव्हत्या असं थोडंच आहे? एकेक हेल त्यांनी टिपला आहे. पण त्या हेलाबरोबर त्यांनी माणूसही ऐकला. मी नुसता हेल ऐकला.

घरी येऊन तिची वही पुन्हा काढली, पहिला निबंध वाचायला घेतला. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच वाचला. दिवसभर पाऊस. वीज गेलेली. बाबा सकाळी गुरं घेऊन ओढ्यापलीकडे गेले आणि दुपारी ओढ्याला पाणी चढलं. फोन लागत नाही. आई उंबऱ्यात उभी. धाकटा भाऊ भूक लागली म्हणून रडतो, आई त्याला वाढते, पण स्वतः जेवत नाही. रात्र तशीच जाते. पहाटे पाणी उतरल्यावर बाबा येतात आणि आई त्यांना काहीच बोलत नाही, नुसता चुलीवर चहा ठेवते. एवढंच. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने लिहिलेलं. त्या दीड पानावर मी नऊ लाल गोल केले होते. मी 'बघूलाली' वाचलं होतं, वाट बघणारी आई वाचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. मास्तर मंडळींना माफी मागायची सवय नसते. शब्द सापडेनात. शेवटी म्हटलं, "तुझा पहिला निबंध मी नीट वाचला नव्हता. चूक माझी झाली." ती गोंधळली. मॅडमनी असं बोललेलं ऐकायची तिलाही सवय नव्हती. म्हणाली, "तसं काय नाही मॅडम. चुकलं तर तुम्हीच सांगणार की." त्या 'की'मध्ये मला आज्जी ऐकू आली.

त्या आठवड्यात मी वर्गात मोबाइलला छोटा स्पीकर लावून 'रावसाहेब' ऐकवले. अभ्यासक्रमात नव्हते, तरी ऐकवले. मुलं खूप हसली. मग मी विचारलं, "हा माणूस चुकतोय कुठे?" घरी कानडी बोलणारा एक मुलगा आमच्याकडे मराठी विषय घेऊन आला होता. तो उठून म्हणाला, "मॅडम, आमच्यात माणूस असला तर बाप्या नाहीतर बाई. बाकी वस्तू सगळ्या एकाच लिंगात. तुमच्यात खुर्चीसुद्धा बाई, हे कुणी ठरवलं?" वर्ग पुन्हा हसला. मला उत्तर देता आलं नाही. एम. ए.ला भाषाविज्ञानाचा पेपर होता माझा, तरीही देता आलं नाही. पण त्या पोराने रावसाहेबांचं व्याकरण एका वाक्यात समजावून दिलं होतं. त्यांच्या बोलण्यात लिंग चुकत होतं ते अज्ञानाने नव्हे. एका भाषेचा संसार दुसऱ्या भाषेच्या घरात मांडला की असंच होणार.

मग तो तास त्याच वाटेने गेला. तूप हा शब्द कानडीतल्या 'तुप्पा'चा सख्खा, आज्जीचा अडकित्ता कानडी 'अडके'वरून म्हणजे सुपारीवरून आलेला, आपले अण्णा आणि अक्काही तिकडचेच. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मातृभाषा कानडी असलेले कुमार गंधर्व १९२४ साली सुळेभावीत जन्मले आणि देवासला राहून मराठी माणसाच्या कानात कायमचे बसले. मुलं ऐकत होती. शुद्धलेखनाच्या तासाला अशी ऐकत नाहीत.

कुणी म्हणेल, मॅडम, मग प्रमाण मराठी शिकवायचंच नाही का? शिकवायचं. मी आजही शिकवते. विद्यापीठाचा परीक्षक पेपर तपासताना आमच्या ओढ्याचं पाणी बघायला येणार नाही. उद्या ही मुलगी कोल्हापुरात किंवा पुण्यात मुलाखतीला गेली, तर माझ्यासारखे तिचे कान तापू नयेत, ही जबाबदारी माझीच आहे. सीमाभागात मराठी विषय घेणारी मुलं किती उरली आहेत, हे आमच्या हजेरीपटावर दिसतं. अशा वेळी भाषा पक्की करून द्यायलाच हवी. पण भाषा पक्की करताना त्या मुलाकडे सांगण्यासारखं जे आहे तेच खोडलं गेलं, तर हाती गाइड उरतं. बिनचूक आणि दहापैकी नऊ गुणांचं. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल माझ्या हातात नाही. माझ्या हातात आहे तो एक लाल पेन.

तेव्हापासून मी एक सोय करून घेतली आहे. ऱ्हस्व-दीर्घ, काळ, वाक्यरचना यांना लाल शाई. बोलीच्या रूपांना पेन्सिल. पेन्सिलीने बाजूला प्रमाण रूप लिहायचं आणि मुलांना सांगायचं, परीक्षेत हे लिही, पण पात्र बोलत असेल तर त्याच्या तोंडचं तसंच ठेव. हा काही मोठा शोध नाही. चांगले मास्तर हे आधीपासून करत असतील. मला मात्र त्यासाठी वीस वर्षं लागली.

त्या मुलीने पुढे लगेच काही सुंदर लिहिलं, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. नंतरचे दोन निबंध बेतास बात होते. एकदा विश्वास गेला की तो पाण्यासारखा एका रात्रीत उतरत नाही आणि चढतही नाही. शेवटच्या सत्रात मात्र तिच्या एका लेखनात अवतरणचिन्हांत एक वाक्य सापडलं. बाबा आईला विचारतात, "जेवलीस काय? कुणाची वाट बघूलालीस?" अवतरणचिन्हं अगदी काळजीपूर्वक काढलेली होती. मी त्या वाक्याला पेन्सिलही लावली नाही.

आज्जी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा अडकित्ता माझ्याकडे आहे. सुपारी मी खात नाही, तरी आहे.

परवा बसमध्ये मला एकटीलाच हसताना बघून कंडक्टरने विचारलं, "रोज एवढं काय ऐकताय मॅडम?" गर्दी कमी होती. मी एक इअरफोन त्याच्या हातात दिला. त्याचं घरचं बोलणं कानडी. तो दोन मिनिटं कान लावून उभा राहिला. मी हसते त्या जागेवर तो हसलाच नाही. पुढे भलत्याच ठिकाणी मात्र खळखळून हसला. मग इअरफोन परत देत म्हणाला, "चांगला माणूस दिसतोय हं." आणि पुढच्या सीटकडे वळून ओरडला, "तिकीट, तिकीट!"