कोरडी विहीर

माण तालुक्यात कुणी विहिरीत पडल्याचं कळलं की पहिला प्रश्न येतो, "पाणी व्हतं का?" पाणी असलं तर माणूस बुडतो, नाहीतर कपारीला धरून वर येतो. पाणी नसलं तर मोडतो. माझा पक्षकार मोडला. दुष्काळाचं वर्ष, वैशाखातलं लग्न, तालुक्यातलंच एक मंगल कार्यालय. जेवण उरकून तो हात धुवायला टाकीकडं निघाला. वीज गेलेली, जनरेटरवर फक्त स्टेजचे दिवे. मांडव आणि टाकीच्या मध्ये जुनी विहीर, काठ जमिनीशी सपाट, कठडा नाही. वय सव्वीस. मणका गेला, आणि कमरेखालची जाण गेली ती कायमची.

त्याचे वडील दहिवडीला माझ्याकडं आले ते दाव्यासाठी नव्हेच, अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायला. विहिरीच्या मालकावर दावा होतो हे त्यांना पटेना. "त्यानं काय ढकाललं न्हाय, सायेब. नशिबात व्हतं." पंचही हेच म्हणत, लग्नातले पाहुणेही हेच. पोरगाही. कायद्याच्या पुस्तकांशी झुंजायला मला फारसं जड गेलं नाही. या एका वाक्याशी झुंजण्यात वर्षं गेली.

हाच मुलगा म्हसवड रस्त्यावर ट्रकखाली सापडला असता तर मोटार अपघात दावा प्राधिकरण होतं, विमा कंपनी होती, वय पाहून लावायचा गुणकांचा तक्ता होता. विहिरीत पडलेल्याला यातलं काही नाही. साधा दिवाणी दावा, वर कोर्ट फी. ती भरायची ऐपत नाही म्हणून आदेश 33 खाली निर्धन म्हणून दावा लावायची परवानगी मागायची, आणि आपली गरिबी शाबीत करण्यातच सुरुवातीच्या तारखा घालवायच्या. इंग्लंडात जागेच्या ताबेदाराची जबाबदारी सांगणारा कायदा 1957 साली झाला. आपल्याकडं तसा वेगळा कायदा नाही, जुन्या निकालांची काठी टेकत चालायचं.

त्यातला 1866 चा एक निकाल मी किती वेळा वाचला असेन. इंग्लंडमधला साखर कारखाना, गॅसच्या कामाला आलेला कारागीर, वरच्या मजल्यावरच्या उघड्या भोकातून खाली पडतो. कोर्ट म्हणतं, कामानिमित्त आपल्या जागेत येणाऱ्याला मालकानं असाधारण धोक्यापासून जपलं पाहिजे. 'असाधारण' या शब्दाशी मी दरवेळी अडायचो. माणात उघडी विहीर असाधारण? इथं कठड्याची विहीर निघाली तर लोक बघायला जातील.

समोरचे वकील मुरलेले, त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. वादीला कोर्टात आणणं शक्य नव्हतं. कोर्ट कमिशनर घरी आले, खाटेशेजारी साक्ष झाली.

"तुमच्या रानात विहीर आहे?"

"हाय."

"कठडा?"

"न्हाय."

"गावात किती विहिरींना कठडा आहे?"

"एकीला बी न्हाय."

"म्हणजे अंधारात विहीर बघून चालायचं, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक?"

"व्हय."

पोरगा खरं बोलत होता, आणि एकेका खऱ्या उत्तरानं माझा दावा खाली चालला होता. फेरतपासात प्रश्नातच उत्तर घालता येत नाही. मी एकच विचारलं, "तुमच्या विहिरीवर रात्री कोण येतं?"

त्याला जरासं हसू आलं. "कोन येतंय? मोटार चालू कराय म्या, न्हायतर आबा."

मी बसलो. आणखी एक प्रश्न विचारायचा मोह अशा वेळी फार होतो, आणि तो बहुतेक वेळा अंगाशी येतो.

हा प्रश्न मला ग्रंथालयात सापडला नव्हता. दाव्याआधी एका अंधाऱ्या रात्री मी त्याच्या वडिलांना घेऊन त्या आवारात उभा राहिलो होतो, दिवे बंद ठेवून. उभा जन्म रानात गेलेला माणूस, पण टाकीकडं पाऊल टाकेना. "आमच्या हिरीवर म्या डोळं झाकून जाईन. हितं परक्याच्या दारात काय कुठं हाय, मला काय ठावं?" धोका तोच, पण रानातल्या विहिरीवर धनी एकटा जातो, आणि इथं पत्रिका छापून चारशे माणसं जेवायला बोलावलेली. युक्तिवादात मी याहून फार वेगळं काही सांगितलं नाही.

त्याच रात्री टेपही सोडली. पंचनाम्यात खोली 'अंदाजे साठ फूट' होती, टेपला त्रेचाळीस भरली. वादपत्रात मी त्रेचाळीस लिहिली. साठ लिहिली असती आणि उलटतपासात सतरा फूट गळाले असते, तर बाकीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

विहीर आजोबांच्या काळापासून आहे, असाही एक बचाव होता. चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा 1950 साली कोसळला, तो सुमारे ऐंशी वर्षांचा होता. सर्वोच्च न्यायालयानं 1966 मध्ये त्या जुनेपणाचाच जाब मालकाला, म्हणजे दिल्ली महापालिकेला, विचारला. हा मुद्दा लवकर संपला. दारूचा आरोप मात्र बराच चालला, शाबीत झाला नाही. तरी 'त्यानंही जपायला हवं होतं' म्हणून निकालात रकमेची चौथाई कापली गेली. मला ते पटलेलं नाही.

सगळ्यात अवघड होती त्याच्या बायकोची साक्ष. 2002 पासून सरतपास शपथपत्रावर होतो, म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी वकिलाची भाषा जाते. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'सदर वादीची सर्व शुश्रूषा मला करावी लागते.' वाचून दाखवलं. ती मान हलवून म्हणाली, "बराबर हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एका दुपारी तिच्या घरी बसून दिवस लिहून घेतला. जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. दहा, बारा, दोन, चार. लघवीची नळी, पिशवी. गजर लावता का, असं विचारलं. "आधी लावायची. आता आपसूक जाग येती." या जागरणाची किंमत मागायला 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल होता. अपघातात कायमची परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी न्यायालयानं दोन परिचारकांचे महिना पाच-पाच हजार धरून, अठराचा गुणक लावून 21 लाख 60 हजार दिले होते. तो वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मला कोन पगार देतंय?"

आणखी एक निकाल मी त्या घरात कधी बोललो नाही. 1972 साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या तलावात एका जर्मन सहवैमानिकानं सूर मारला, डोकं तळावर आपटलं, हातपाय गेले. दावा चालू असतानाच 1985 मध्ये तो वारला. 1997 मध्ये 50 लाखांचा निकाल लागला. पुढं अपिलात ठरलं की माणसाबरोबर दावाही संपला. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 306 तसंच आहे. मृत्यू त्या दुखापतीनंच आला असं दाखवता आलं तर 1855 च्या कायद्याखाली वारसांना वेगळी वाट असते, पण अंथरुणाला खिळलेला माणूस साध्या तापानंही जातो.

म्हणून युक्तिवाद संपेपर्यंत, तारीख पुढं गेली की रात्री मी फोन करायचो. काळजी त्याची किती आणि दाव्याची किती, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. फोन तीच उचलायची.

"ताप?"

"न्हाय. आताच कूस बदलली. झोपा तुमी, वकीलसायेब."