जांभळ्या-गुलाबी स्लाइडचे दिवस

आमच्या उमेदीच्या काळात जठराच्या कॅन्सरचा रिपोर्ट दोन ओळींत संपायचा. 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा, जठर', खाली सही, की झालं. मूळ कागद वॉर्डात, कार्बनची निळसर प्रत फाइलला. मायक्रोटोमवर कापलेल्या मेणाच्या तलम पट्ट्या कोमट पाण्यावर तरंगायच्या, तंत्रज्ञ त्या काचेवर अलगद झेलायचा. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा जांभळा-गुलाबी रंग चढला की आमचं काम सुरू.

फार खोलात शिरलोच, तर फिनलंडच्या लॉरेन यांची १९६५ची विभागणी लिहायची. ग्रंथी बांधत वाढणारा तो इंटेस्टिनल. सुट्या पेशींनी जठराच्या भिंतीत झिरपत जाणारा तो डिफ्यूज. या दुसऱ्यात केंद्रक कडेला रेटलं गेलेली, मुद्रेच्या अंगठीसारखी पेशी दिसली की आमचे सर मुकाट्याने चष्मा काढून ठेवत. सर्जन स्वतः जिना चढून येत, मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीला डोळा लावत, हुज्जतही घालत. आता रिपोर्ट संगणकावरून जातो आणि जिना कुणी चढत नाही. त्याची चुटपुट मला आहेच.

पण त्या गप्पा रम्य होत्या म्हणून त्यांतलं अज्ञान झाकू नये. दोन स्लाइड अगदी सारख्या, ऑपरेशनही तेच. एक पेशंट वर्षानुवर्षं ओपीडीत पेढे घेऊन यायचा, दुसरा वर्षभरात जायचा. नातेवाइकांनी कारण विचारलं, की आम्ही शिकलेली माणसं नशिबावर ढकलून मोकळे.

२०१४मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने २९५ गाठी तपासून चार जाती सांगितल्या: एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित सुमारे ९ टक्के, डीएनएची दुरुस्ती बिघडलेल्या, म्हणजे एमएसआय, २२, जनुकीयदृष्ट्या स्थिर २०, आणि गुणसूत्रांची उलथापालथ झालेल्या ५०. पुढच्याच वर्षी एशियन कॅन्सर रिसर्च ग्रुपने ३०० गाठींवरून वेगळी चौकट मांडली आणि तीत आमचं ते 'नशीब' सापडलं. एमएसआयवाले सर्वांत जास्त तगले. ज्यांच्या पेशी आपली जागा सोडून भटकण्याच्या वळणाच्या, ते सर्वांत कमी. त्यांत डिफ्यूज प्रकार जास्त, वय कमी, आणि आजार उलटायचा तो बहुतेकदा उदराच्या आवरणावर. सरांचा चष्मा उगाच उतरत नव्हता तर!

उपचारही बदलले. हर-टू हे प्रथिन जादा असलेल्या, म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह, पसरलेल्या आजारात केमोला ट्रास्टुझुमॅबची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेल्याचं २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. ऐकायला थोडं वाटतं. पण त्या महिन्यांत एखाद्या घरात लेकीचं लग्न उरकतं. आणि पसरलेल्या एमएसआय गाठीसाठी आता इम्युनोथेरपी आहे.

एवढ्यासाठी गाठीचा अख्खा जीनोम वाचावा लागत नाही. एमएसआयचा माग एमएमआर, म्हणजे डीएनए-दुरुस्तीच्या प्रथिनांवरच्या चार प्रतिपिंडांच्या तपकिरी रंगावरून लागतो, आणि हे सगळं होतं त्याच जुन्या मेणाच्या ठोकळ्यावर. म्हणून सांगतो, घरात कुणाची अशी बायोप्सी झाली असेल, तर 'हर-टू आणि एमएमआर तपासलंय का?' असं डॉक्टरांना जरूर विचारा. दुसरं मत घ्यायला जाताना स्लाइडबरोबर तो ठोकळा, म्हणजे ब्लॉकही मागून न्या, आणि तो उन्हातल्या गाडीत ठेवू नका. मेण आहे, वितळतं.