मागची दोन चाकं आणि सिन्नरचा मुरूम

सिन्नरहून गोंदे-वावीच्या शिवारात शिरलं की एकावर एक दोन रस्ते दिसतात. वर समृद्धी महामार्ग, ज्याचा शिर्डी ते भरवीर टप्पा २६ मे २०२३ रोजी खुला झाला आणि जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्याच्या पोटाखालून जाणारी पाणंद, आणि तिच्यावर कांद्याच्या गोण्या भरून पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत निघालेली पिकअप. वरच्या रस्त्याबद्दल प्रवासवर्णनात लिहिण्यासारखं फारसं काही नाही. मला खालचा रस्ता महत्त्वाचा वाटतो, कारण ऑफरोडिंग सुरू करायचं तर आधी ‘फोर बाय फोर’ घ्यावी लागते, ही समजूत तिथेच खोटी पडते. पाणंदीतल्या बहुतेक पिकअपची फक्त मागची दोन चाकं ओढतात. मुंबई-पुण्याची मंडळी ज्याला छंद म्हणतात ते या गाड्या कांदा-टोमॅटोच्या हंगामात रोजच करतात, आणि त्याला कुणी काही नाव दिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की या तालुक्यात गाडी अडेल की निघेल हे किती चाकं ओढतात यापेक्षा माती कोणती, महिना कोणता आणि वजन कुठे ठेवलंय यावर जास्त ठरतं.

तालुक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना हे आपोआप पटत जातं. पूर्वेकडे पाऊस कमी. पश्चिमेला डोंगर जवळ येतात तसा तो वाढत जातो. पहिल्या बाजीरावांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं डुबेरे मागे टाकून ठाणगावच्या दिशेने निघालं की काळ्या रानाची जागा हळूहळू मुरूम आणि खडक घेतात. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत घट्ट बसते, आणि मग नवा टायरही गोट्यासारखा गुळगुळीत होतो. अशा वेळी चारही चाकं फिरवून काय साधणार? चारही रुततात. उलट मुरमातून पाणी निचरून जातं, त्यामुळे पावसाळा सरल्यावर त्याच उंचीची, त्याच चढाची वाट साधी पिकअपही चढते. म्हणून नवख्याने गाडीच्या माहितीपत्रकाआधी कॅलेंडर बघावं. सुरुवात नोव्हेंबरनंतर, मुरमाच्या वाटेवर आणि उजेडात करावी.

आता वजनाचं. रिकाम्या पिकअपचं इंजिन पुढे असतं आणि मागचा हौदा मोकळा, म्हणजे ज्या चाकांनी गाडी ढकलायची तीच जमिनीवर हलकी टेकलेली. त्यात मागचे पाटे मालासाठी कडक केलेले, त्यामुळे खडबडीत वाटेवर मागचा भाग उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत पकड सुटते. रिकामी गाडी नेली तर बरी जाईल, हा हिशेब इथे उलटा पडतो. वाळूची चार-सहा पोती मागच्या आसाच्या बरोबर वर नीट बांधून ठेवली की फरक लगेच जाणवतो. फळीच्या टोकाशी ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. भरल्या मालासाठी मारलेली हवा थोडी कमी केली तर टायर पसरून जमीन धरतो. मात्र या डोंगरातले काळे दगड धारदार असतात; हवा फार सोडली तर टायरची बाजूच फाटते. साध्या डिफरन्शियलमुळे एक चाक हवेत गेलं की सगळी फिरकी त्यालाच मिळते. तेव्हा अॅक्सिलरेटर दाबून काही होत नाही. हँडब्रेक हलकेच ओढून ते चाक अडवलं, तर दुसऱ्याला थोडा जोर मिळतो. तेवढ्याने भागलं नाही तर फावडं काढावं.

यावर जाणकार म्हणतील, की खरा फरक चिखलात दिसत नसून चढ-उतारावर दिसतो. निम्मं खरं आहे. ठाणगावच्या पुढे विश्रामगडाच्या, म्हणजे पट्ट्याच्या डोंगररांगेकडे वाट चढू लागते आणि सुटा मुरूम बाजरीच्या दाण्यांसारखा चाकाखालून सरकतो. तिथे लो-रेंज, म्हणजे फोर बाय फोरमधले जादा सावकाश गिअर, नसल्याची उणीव जाणवते. क्लच अर्धा दाबून गाडी रेटली तर जळका वास येतो आणि खर्च दारात उभा राहतो. पण चढावर वजन आपोआप मागे सरकतं, हे मागची चाकं ओढणाऱ्या गाडीच्या पथ्यावरच पडतं. उताराचं म्हणाल तर ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून क्लचवरचा पाय काढला की इंजिन तिला धरून ठेवतं. राहिला तो आडवा उतार. तिथे कुठलीही गाडी कलंडते, म्हणून तो टाळायचाच. दोन चाकांवरची गाडी लवकर हार मानते हे मी दोष म्हणून मोजत नाही. परत फिरायची वेळ आली तेव्हा गाव अजून हाकेच्या अंतरावर असतं आणि ओढायला ट्रॅक्टर मिळतो.

मला जास्त गंभीर वाटणारा आक्षेप जमिनीचा आहे. हौसेने उगाच माळ का उकरायचा? उत्तर एकच, चाकोरी सोडायची नाही. इथल्या मोकळ्या दिसणाऱ्या माळावर गवत राखलेलं असतं, बांधाला मालक असतो, आणि ओल्या पाणंदीत पाडलेले खड्डे शेतकऱ्याला पुढचे कित्येक महिने सोसावे लागतात. डोंगरावर पवनचक्क्या उभारताना केलेले रस्तेही फाटकाशी विचारल्याशिवाय वापरू नयेत, आणि गडाच्या पायथ्याला गाडी लावून वर पायीच जावं. परतताना डांबरी लागण्याआधी टायरात पुन्हा हवा भरावी. कमी हवेचा टायर सिन्नर-घोटी रस्त्यावरच्या वेगात तापतो, आणि मुरमावर जो शाबूत राहिला तोच तिथे फुटतो.