आय-सातचा हट्ट सोडला

'प्रोसेसरमध्ये चिकटपणा करू नको, बाकी सगळं नंतर वाढवता येतं.' चंद्रपुरात आणि पुढे मूल, सावली ओलांडून गडचिरोलीपर्यंत लॅपटॉपबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो. पैसे कमी पडत असतील तर दोन महिने थांब, पण आय-सात घे. ऐकणारे ऐकायचेही, कारण मी ठासून सांगायचो. आता मी तसं सांगत नाही.

हे मत डेस्कटॉपच्या काळातलं. तेव्हा रॅमची पट्टी वाढवता यायची, हार्ड डिस्क बदलता यायची, प्रोसेसर मात्र सहसा कोणी बदलत नसे. शिवाय मी राहतो चंद्रपूर शहरात, २९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राच्या शेजारी. धूळ आमच्या वाट्याला येते, पण वीजही येते. लॅपटॉप प्लगला लावलेलाच असायचा. बॅटरी म्हणजे लाईट गेल्यावर फाईल सेव्ह करण्यापुरती सोय, एवढीच माझी समजूत.

ती हलली तेंदूच्या हंगामात. वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि नंतर बाकीच्या गावांनाही वाट दिसली. हक्क आला तसा हिशोबही आला. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. कोणाच्या घरचे किती पुडे आले, किती खराब निघाले, मजुरी किती, बोनस किती, हे ज्या संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, येतात त्याच संध्याकाळी लिहावं लागतं. कोरची-कुरखेडा भागातल्या काही गावांना या कामात मी मदत करतो. आधी सगळं वहीत व्हायचं. मग पोरांनी एक्सेल शिकून घेतलं आणि मी माझा भारी लॅपटॉप घेऊन पोचलो.

भारी म्हणजे एच मालिकेचा प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. मे महिना, वाऱ्याने तारेवर फांदी पडून लाईन गेलेली, शाळेच्या ओसरीत सगळे बसलेले. शेजारी गावातल्या एका पोराचा साधा, यू मालिकेचा लॅपटॉप. दोघांच्याही बॅटऱ्या पन्नास वॅट-अवरच्या आसपास. हलक्या कामात त्याचं अख्खं यंत्र सात-आठ वॅट खायचं. माझं नुसतं उघडं असलं तरी पंधरा-वीस. पुढचा भागाकार पाचवीतलं पोरही करेल. त्याची संध्याकाळ निभून रात्रीपर्यंत यादी चालली, माझा लॅपटॉप निम्म्यातच लाल दिवा दाखवू लागला. सोलरवरचा छोटा इन्व्हर्टर होता, पण माझं विटेएवढं चार्जर लावलं की तो कूं करून बंद पडायचा. त्या पोराचं पासष्ट वॅटचं टाईप-सी चार्जर मात्र त्यावर निवांत चालत होतं.

"सर, तुमची मशीन जेवते लय," तो म्हणाला. मला काही बोलता आलं नाही.

उन्हाचंही एक गणित आहे. इंटेलचे बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर शंभर अंशांना पोचले की स्वतःचा वेग कमी करून घेतात. एसीतल्या पंचवीस अंशांत पंख्याला पंचाहत्तर अंशांचं अंतर मिळतं. आपल्याकडे मे महिन्यात ओसरीत पंचेचाळीस असतात, म्हणजे उरलं पंचावन्न. त्याच पंख्याने ढोबळमानाने पाऊण उष्णताच बाहेर जाणार. शिवाय बरेच विंडोज लॅपटॉप प्लग काढला की प्रोसेसरची वीज आपणहून कमी करतात. ज्या वेगाचे पैसे मी मोजले होते, तो वेग फळीवर मला मिळतच नव्हता.

मग घरी येऊन प्रोसेसरच्या नावांच्या मागे लागलो. आय-पाच १२३५यू आणि आय-सात १२५५यू घ्या. दोघांत दोन मोठे कोअर आणि आठ लहान, दोघांची मूळ वीज पंधरा वॅट. कमाल वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.७. ग्राफिक्स थोडं सरस, एवढंच. पुड्यांच्या यादीत हा फरक कोणाला दिसणार? तेच पैसे मी आता सोळा जीबी रॅम आणि मोठ्या बॅटरीत घालायला सांगतो. आकड्याआधीच्या 'आय-सात'पेक्षा आकड्यामागचं अक्षर जास्त सांगतं: यू असेल तर साधारण पंधरा वॅट, एच असेल तर पंचेचाळीस, आणि जोर लागला की त्याहून बरंच वर.

म्हणून सर्वांत कमी वीज खाणारा घ्या, असंही नाही. सहा वॅटचा एन१०० यादीला पुरतो, पण गावाच्या वनहक्काचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये उघडून खाली उपग्रहाचं चित्र टाकलं की रडतो. जो प्रोसेसर काम पटकन संपवून झोपी जातो, तो कित्येकदा रांगणाऱ्यापेक्षा कमी बॅटरी घेतो. एएमडीच्या आकड्यांतही जपून राहावं लागतं. रायझेन ७५२०यू आणि ७५३०यू कानाला भाऊ वाटतात. पण पहिल्यात चार कोअर आणि २०१९ च्या पिढीची झेन २ रचना, दुसऱ्यात सहा कोअर आणि झेन ३. या मालिकेत तिसरा अंक बघायचा.

ॲपलचा २०२० चा एम१वाला मॅकबुक एअर बिनपंख्याचा आहे आणि बॅटरीवरही तसाच पळतो, हे कबूल. पण आमचे हिशोबनीस टॅलीवर, आणि टॅली विंडोजवर. स्नॅपड्रॅगनवाल्या नव्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी चांगली टिकते. तरी जुना प्रिंटर किंवा डिजिटल सहीचा टोकन त्यावर चालतो का, हे दुकानातच लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाची चंद्रपुरात इंजिनीअरिंगला आहे. तिला थ्री-डी डिझाईन करायचंय, हॉस्टेलला लाईट असते. तिला मी एचच घ्यायला सांगितलं.

"मामा, तुम्ही तर सगळ्यांना यू सांगत फिरता नं?"

"तू फळीवर बसणार आहेस का?"

एवढंच विचारायचं असतं, आणि ते मी आधी कोणाला विचारत नव्हतो. यंत्र कुठे चालणार, प्लग किती तास मिळणार, चार्जर किती वॅटचं. ज्यांना कोरची, एटापल्ली, भामरागडच्या बाजूला काम करायचंय, त्यांनी दुकानात गेल्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव कागदावर लिहून मागावं आणि बॅटरीचे वॅट-अवर विचारावेत. दुकानदार 'आठ तास चालते' म्हणाला, तर तास नको, आकडा सांगा म्हणावं. पन्नासच्या खाली असेल तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.